‘क्वा’ म्हणजे ‘क्व’? काहीतरीच!

गेल्या रविवारी सकाळी साडेसातला बाबांचा फोन. एवढ्या लवकर फोन म्हणजे एक तर कुणीतरी गेलं, नाहीतर सिलिंडरचा नंबर लावायचाय. दोन्ही नव्हतं. "अगं, वीस वर्षं फ्रेंच शिकवतेस आणि हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस?" असं म्हणून त्यांनी फोनवरच एक फॉरवर्ड मोठ्यांदा वाचून दाखवला. मधे थांबून "बघ हं, आता पुढचं ऐक" असंही दोनदा म्हणाले. आवाजात असा काही अभिमान होता, की मला मधे तोंड घालवेना.

तुमच्याकडेही तो आला असेलच. नसेल आला तर थोडक्यात सांगते. फ्रेंचमध्ये ‘काय’ला ‘क्वा’ म्हणतात आणि हा ‘क्वा’ म्हणजे शुद्ध संस्कृत ‘क्व’, पुरावा म्हणून कालिदास. फ्रेंचांनी तो पाँडिचेरीहून उचलून नेला. त्यांचा ‘पुर्क्वा’, म्हणजे ‘का’, हा ‘पुरा’ अधिक ‘क्व’. ‘एस क’ म्हणजे ‘अस्ति किम्’. ‘कॉमाँ’, म्हणजे ‘कसं’, हे आपलं ‘का म्हणून’. आणि शेवटी कळस: मराठी माणसाला फ्रेंच शिकायची गरजच नाही, ‘काय’ म्हणायचं तिथे ‘क्वा’ म्हणा, काम झालं. खाली तिरंगा, हात जोडलेले, ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

दुपारपर्यंत तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या. तरी मी गप्प होते. पण सोमवारी संध्याकाळी तोंडी परीक्षेच्या सरावाला बसलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने, मी विचारलेला प्रश्न न कळल्यावर, छातीठोकपणे मला विचारलं, "क्वा?" पोरगा पुढच्या वर्षी लियोंला शिकायला जायचं म्हणतोय. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी पाँडिचेरीचं उरकते, कारण त्याला फार वेळ लागत नाही. फ्रेंचांनी तिथे वखार घातली १६७४ साली. बरं, तिथली भाषा तमिळ. तिथे ‘काय’ला ‘एन्न’ म्हणतात. म्हणजे फ्रेंच लोक जहाजं घेऊन तमिळ मुलखात आले आणि तिथून संस्कृत ‘कुठे’ उचलून घरी जाऊन ‘काय’ म्हणून वापरू लागले. तोपर्यंत बिचारे ‘काय’ला काय म्हणत होते, ते फॉरवर्ड सांगत नाही.

काय म्हणत होते ते लेखी आहे. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबुर्गला सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी, जर्मन लुई आणि टकल्या शार्ल यांनी, तिसऱ्या भावाच्या, लोथारच्या, विरुद्ध एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली. एकमेकांच्या सैन्याला कळावं म्हणून लुईने ती शार्लच्या लोकांच्या बोलीत घेतली. हाच फ्रेंचचा सगळ्यात जुना लेखी नमुना. त्या शपथेत ‘इन ओ क्विद इल मि आल्त्रेसि फाझेत’ असं एक वाक्य आहे: ‘त्यानेही माझ्याशी तसंच वागावं, या अटीवर’. त्यातला ‘क्विद’ बघा. इथे तो प्रश्न विचारत नाहीये, दोन वाक्यं जोडतोय, हे मान्य. पण शब्द तोच, लॅटिनमधला ‘काय’. लॅटिन ‘क्विद’ फ्रेंचच्या पहिल्याच कागदावर बसलेला आहे, पाँडिचेरीच्या ८३२ वर्षं आधी.

त्यानंतरचा टप्पा रोलाँ या सरदाराच्या जुन्या फ्रेंच वीरगाथेत. तिची १२व्या शतकातली प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. लढाई हरत आलेली असताना रोलाँ आपल्या मित्राला, ऑलिव्हिएला, विचारतो, ‘पोर केइ मे पोर्तेझ इरे?’ म्हणजे ‘माझ्यावर राग का धरता?’ ‘पोर केइ’ म्हणजेच आजचा ‘पुर्क्वा’. बघा, ‘केइ’. त्यात ‘वा’ कुठेय?

आता मुख्य मुद्दा, ‘क्वा’ म्हणजे ‘क्व’. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या फॉरवर्डचा डोलारा याच एका खांबावर आहे.

पहिली गोष्ट, संस्कृतात ‘क्व’ म्हणजे ‘काय’ नव्हेच, ‘कुठे’. पुरावा म्हणून दिलेली ओळ तरी धड वाचायची. ‘क्व सूर्यप्रभवो वंशः क्व चाल्पविषया मतिः’ म्हणजे कुठे तो सूर्यापासून निघालेला वंश आणि कुठे माझी तोकडी बुद्धी. आपल्याकडे कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी म्हणतात ना, तेच. ‘काय सूर्यवंश, काय माझी बुद्धी’ असा अर्थ लावून बघा, कालिदासाचं काय होतं ते.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि मला खरी चीड इथे येते. फ्रेंच ‘क्वा’मधला ‘वा’ हा मुळात त्या शब्दाचा नाहीच, तो मागाहून आलेला पाहुणा आहे. लॅटिनमध्ये ‘क्व’ होता, पण फ्रेंचने त्यातला ‘व’ केव्हाच टाकून दिला. लॅटिन ‘क्वात्तुओर’, म्हणजे चार, फ्रेंचमध्ये झाला ‘कात्र’. ‘क्वान्दो’, म्हणजे केव्हा, झाला ‘काँ’. ‘क्वी’, म्हणजे कोण, झाला ‘कि’. लिहिताना क्यू आणि यू अजून शेजारी उभे करतात, म्हणताना नुसता ‘क’. तसाच ‘क्विद’चा ‘केइ’ झाला. मग या ‘एइ’चा हळूहळू ‘ऑय’ झाला, ‘ऑय’चा ‘वे’, आणि ‘वे’चा ‘वा’. हे एकट्या ‘काय’च्या बाबतीत झालेलं नाही. लॅटिन ‘रेगेम’, म्हणजे राजा, याचा ‘रेइ’, मग ‘रॉय’, ‘र्वे’, आणि आजचा ‘र्वा’. कायद्याचा ‘ल्वा’, मला या अर्थाचा ‘म्वा’, तीन या अर्थाचा ‘त्र्वा’, सगळे याच रस्त्याने आले. यांच्या आसपास कुठे ‘क्व’ दिसतो का? नाही. मग ‘क्वा’चाच ‘वा’ तेवढा कालिदासाचा कसा?

मधल्या ‘ऑय’ टप्प्याचा पुरावा आपल्या दारात उभा आहे. इंग्रजांनी फ्रेंचांकडून ‘रॉयल’ घेतला तेव्हा फ्रेंच लोक राजाला ‘रॉय’ म्हणत होते. इंग्रजीत तो आवाज तसाच थिजून राहिला आणि आता पुण्याच्या रस्त्यावर धडधडत जातो. तिकडे फ्रेंच पुढे सरकले, ते आज ‘र्वायाल’ म्हणतात.

‘वे’चा टप्पा तर आपल्या इतिहासाला चिकटलेला आहे. चौदाव्या लुईच्या दरबारात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात, शिष्ट उच्चार ‘र्वे’ आणि ‘क्वे’ असाच होता. ‘वा’ म्हणणं पॅरिसच्या बाजारातलं, गावंढळ समजत. त्याच काळात जे फ्रेंच कॅनडात जाऊन राहिले, त्यांच्या बोलीत ‘म्वे’, ‘त्वे’ अजून ऐकू येतं. महाराज दक्षिण दिग्विजयाला गेले तेव्हा पाँडिचेरीच्या वखारीच्या प्रमुखाने, फ्रांस्वा मार्तँने, त्यांच्याकडे आपला वकील पाठवला होता. तो वकील शिष्टाचाराचं फ्रेंच बोलत असेल तर ‘क्वे’च म्हणाला असणार. ‘क्वा’ला प्रतिष्ठा आली १७८९च्या राज्यक्रांतीनंतर. राजा गेला, दरबार गेला, दरबारी उच्चारही गेला आणि बाजारातला गादीवर बसला. म्हणजे फॉरवर्डवाल्यांना जो आवाज वेदकालीन वाटतोय, तो शिष्टांच्या तोंडी बसला पेशवाईच्या उत्तरार्धात.

आणि संस्कृत ‘क्व’चा ‘व’ तरी कुठला? तो ‘कु’ अधिक ‘अ’ असा जुळून आलेला. वेदाच्या छंदात तो पुष्कळदा ‘कुअ’ असा दोन अक्षरी मोजावा लागतो. एकाचा ‘व’ ‘उ’मधून आला, दुसऱ्याचा ‘ऑय’मधून. दोन्ही आज कानाला सारखे लागतात, एवढंच. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ उच्चाराला सारखे, अर्थालाही सारखे, आणि तरी एकमेकांचे कुणी नाहीत. इथे तर अर्थही सारखा नाही.

गंमत अशी की ‘क्व’चं फ्रेंचमध्ये एक नातलग आहे. ‘कुठे’ला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘ऊ’. नुसता ‘ऊ’. तो लॅटिन ‘उबि’वरून आला, आणि ‘उबि’च्या तोंडचा ‘क’ फार पूर्वी गळून पडलेला. ‘आलिकुबि’, म्हणजे कुठेतरी, या लॅटिन शब्दात तो अजून दिसतो. आपला ‘कुठे’, संस्कृतचा ‘कुत्र’ आणि ‘क्व’, फ्रेंचांचा ‘ऊ’, सगळे त्या एका ‘कु’चे. पण ‘ऊ म्हणजे क्व’ असा फॉरवर्ड कोण पुढे पाठवणार?

बरं, आता नाइलाजाने एक कबूल करायला हवं. संस्कृत आणि लॅटिन एकाच मोठ्या कुळातल्या, आणि दोन्हीकडचे प्रश्नार्थक शब्द एकाच मुळातून फुटलेले आहेत. हे काही फॉरवर्डवाल्यांनी शोधलेलं नाही. आपल्या गोव्यातच बसून फादर स्टीफन्सने, तोच ‘ख्रिस्तपुराण’वाला, १५८३ साली आपल्या भावाला लिहिलं होतं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी वाटते. पुढे दोन-तीन वर्षांत गोव्यातलाच इटालियन व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती याने संस्कृत आणि इटालियन आकडे शेजारी ठेवून तसंच लिहिलं. आणि पाँडिचेरीचं नाव घ्यायचंच असेल तर कर्दू या फ्रेंच पाद्र्याचं घ्या. त्याने १७६७ साली तिथून पॅरिसच्या विद्वानांना संस्कृत, लॅटिन, ग्रीक यांच्यातल्या साम्याबद्दल लिहून पाठवलं, विल्यम जोन्सच्या याच साम्यावरच्या, कलकत्त्यातल्या गाजलेल्या भाषणाच्या १९ वर्षं आधी. पॅरिसवाल्यांनी ते छापलं १८०८ला. म्हणजे पाँडिचेरीहून फ्रान्सला गेलं ते हे, शब्द नव्हे. पण या तिघांपैकी कुणीही एक शब्द उचलून ‘आमचा तुम्ही पळवलात’ असं म्हटलं नाही. कुळ एक असणं वेगळं आणि एक दुसऱ्याची आई असणं वेगळं. चुलत बहिणीला आई म्हणून लग्नात उभी केलीत तर दोन्ही घरचे उठून जातील.

मग फ्रेंच ‘क्वा’चा संस्कृतमधला सख्खा जोडीदार कोण? आहे, आणि तो तुम्ही रोज वापरता. ‘चित्’. किंचित, कदाचित, क्वचित, यांच्या शेपटीचा ‘चित्’. (सच्चिदानंदातला ‘चित्’ वेगळा, त्याला मधे आणू नका.) लॅटिनमध्ये जिथे ‘क्वि’ किंवा ‘क्वे’ येतो, तिथे संस्कृतमध्ये ‘च’ येतो, हे नियमाने घडतं. लॅटिन ‘क्विन्क्वे’चं टोक बघा, संस्कृत ‘पञ्च’. लॅटिनमध्ये ‘आणि’साठी शब्दाच्या मागे ‘क्वे’ लावतात, संस्कृतात ‘च’. रोमच्या गटारांच्या झाकणांवर एसपीक्यूआर ही जी चार अक्षरं असतात, त्यातला क्यू म्हणजे हा ‘क्वे’, म्हणजे आपल्या ‘रामः च लक्ष्मणः च’मधला ‘च’. त्याच नियमाने ‘क्विद’ समोर ‘चिद्’. मुळात दोघांचाही अर्थ ‘काय’. संस्कृतात पुढे तो एकटा उभा राहीनासा झाला आणि दुसऱ्याच्या मागे लागून ‘काहीतरी, कुणीतरी’ असा अर्थ देऊ लागला: कः अधिक चित्, कश्चित्.

आता ‘क्वचित’ हा शब्द हातात घ्या. फॉरवर्डवाल्याने त्याचा पुढचा अर्धा धरला, कारण तो ‘क्वा’सारखा ऐकू येतो. खरा भाऊ मागच्या अर्ध्यात बसलाय, आणि त्याचा एकही आवाज ‘क्वा’शी जुळत नाही. वर्गात हे मी फळ्यावर लिहिते तेव्हा एकदम शांतता होते आणि मग कुणीतरी "शी, काय भारी आहे हे" म्हणतं. खोटी गोष्ट सांगायला निघालेल्या माणसाच्या अगदी नाकाखाली इतकी सुंदर खरी गोष्ट होती, आणि त्याला ती दिसली नाही!

राहता राहिला मराठी ‘काय’. तो ‘क्वा’चा बाप नव्हे. हेमचंद्र या वैयाकरणाने १२व्या शतकात अपभ्रंशाचं, म्हणजे प्राकृतनंतरच्या भाषेचं, व्याकरण लिहिताना सूत्रच दिलंय: ‘किमः काइंकवणौ वा’. म्हणजे अपभ्रंशात ‘किम्’च्या जागी ‘काइं’ आणि ‘कवण’ येतात. ‘काइं’चा आपला ‘काय’, ‘कवण’चा ‘कोण’. संतांच्या ओव्यांत ‘कवण’ आपण ऐकलेलाच आहे. हा रस्ता सबंध या देशातला आहे, तो कुठेही समुद्र ओलांडत नाही.

हे माझ्या पदरचं वाटत असेल तर झ्यूल ब्लोक वाचा. हा माणूस फ्रेंच. त्याने मराठीच्या घडणीवर प्रबंध लिहिला, तो १९२० साली पॅरिसला पुस्तकरूपाने निघाला, आणि वा. गो. परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. संस्कृत ते प्राकृत ते मराठी, एकेका आवाजाचं काय झालं हे त्याने पायरी-पायरीने दाखवलंय. जन्मापासून ‘क्वा’ म्हणणारा आणि ‘काय’चा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षं घालवणारा माणूस! ‘क्वा’ मराठीतून आलाय असा नुसता वास जरी आला असता, तरी ते सगळ्यात आधी त्यानेच आनंदाने लिहिलं असतं. त्या पुस्तकात तसं काही नाही. मराठीचा अभिमान असणाऱ्यांनी खरं तर हे पुस्तक पुढे पाठवायला हवं, पण ते जाड आहे.

बाकीचे मुद्दे झटपट.

‘पुर्क्वा’ म्हणजे ‘पुरा क्व’ नव्हे. ‘पुर’ म्हणजे साठी, ‘क्वा’ म्हणजे काय. कशासाठी. आपणही ‘कशा’ला ‘साठी’ जोडून हेच करतो, स्पॅनिशवाले ‘पोर के’ म्हणतात, इटालियन ‘पेर्के’. यातला ‘पुर’ लॅटिन ‘प्रो’चा, आणि ‘प्रो’ आपल्या ‘प्र’चा नातलग आहे, तेवढं खरं. पण हे मी दबक्या आवाजात सांगतेय, नाहीतर ‘प्र’ अधिक ‘चित्’, म्हणजे पुर्क्वा म्हणजे प्रचिती, असा नवा फॉरवर्ड उद्या यायचा.

‘एस क’ म्हणजे ‘अस्ति किम्’. यात अर्धं खरं आहे, दात-ओठ खाऊन मान्य करते. ‘एस क’ हे तीन शब्दांचं गाठोडं: ‘ए’ म्हणजे आहे, ‘स’ म्हणजे हे, ‘क’ म्हणजे की. ‘हे असं आहे की...’ असा त्याचा मूळ अर्थ. त्यातला ‘ए’ हा लॅटिन ‘एस्त’चा, आणि ‘एस्त’ व ‘अस्ति’ सख्खे चुलत भाऊ आहेत, फारसी ‘अस्त’ आणि जर्मन ‘इस्ट’सुद्धा. पण हे गाठोडं फ्रेंचांनी आपल्याच घरी बांधलं. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो, ‘येतोस का?’, तसं ते सुरुवातीला ‘एस क’ लावतात.

‘कॉमाँ’ला ‘का म्हणून’शी जोडणाऱ्याला मी मुद्दाम उत्तर देणार नव्हते. लॅटिन ‘क्वोमोदो’, म्हणजे कोणत्या रीतीने, याचा ‘कॉम’ झाला आणि त्याला ‘माँ’ हे शेपूट लागलं. ते ‘मेन्ते’चं, म्हणजे ‘मनाने’. मन, मति आणि हा ‘मेन्ते’ एकाच घरचे. बास.

आता ज्यामुळे मी खरी लिहायला बसले, ते. ‘काय’च्या जागी ‘क्वा’ म्हणा, झालं. हा सल्ला चुकीचा तर आहेच, पण तो पोराबाळांना तोंडघशी पाडणारा आहे.

‘तू काय करतोस?’ याचं मराठी वळणाने भाषांतर करून माझे विद्यार्थी पहिल्या महिन्यात हमखास ‘क्वा त्यू फे?’ म्हणतात. असं फ्रेंच नाही. ‘क्वा’ प्रश्नाच्या तोंडाशी असा उभा राहत नाही. तिथे त्याचा धाकटा, बिनजोराचा भाऊ ‘क’ येतो. तोही ‘क्विद’चाच, फक्त जोर न मिळाल्यामुळे आखूड राहिलेला. ‘क फे-त्यू?’ हे पुस्तकी, जरा इस्त्रीचं. ‘केस क त्यू फे?’ हे रोजचं. आणि मित्रामित्रांत ‘त्यू फे क्वा?’, तिथे ‘क्वा’ मागे जाऊन बसतो. म्हणजे ‘क्वा’ येतो तो जोराच्या जागी: वाक्याच्या शेवटी, किंवा ‘आव्हेक क्वा’, ‘द क्वा’ असा एखाद्या शब्दाचा हात धरून, म्हणजे कशाने, कशाबद्दल. ‘क्वा द नफ?’ हे एक अडनिडं आहे, ते तसंच पाठ करायचं. अर्थ अगदी आपला: ‘काय विशेष?’

आणि नुसता ‘क्वा?’ समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही म्हणून भिरकावला, तर तो उद्धटपणा. फ्रेंच आया मुलांना टोकतात, ‘क्वा नाही म्हणायचं, कॉमाँ म्हणायचं’. ‘पार्दाँ’ म्हटलं तर आणखी चांगलं. यात आपल्याला कळायला अवघड काय आहे? आजोबांनी हाक मारली आणि आपण खोलीतून "काय?" म्हणून ओरडलो की आई काय म्हणायची? "काय नाही, ओ म्हणावं." अगदी तेच.

त्या दिवशी मी त्या मुलाला हेच सांगितलं. म्हटलं, परीक्षक समोर बसलेत, पन्नाशीच्या बाई आहेत, चष्म्यावरून बघतायत, आणि तू त्यांना "काय?" विचारलंस. तो ओशाळला. मग म्हणाला, "पण मॅडम, मग फ्रेंच लोक बोलताना सारखं शेवटी क्वा, क्वा करतात, ते?" कान चांगला आहे पोराचा. तो ‘क्वा’ वेगळाच. वाक्य संपवताना नुसता टेकू, ‘से ब्याँ, क्वा’, म्हणजे ‘चांगलं आहे, म्हणजे काय आता’. त्याचा काही अर्थ लावायचा नसतो. आपण ‘ना’ लावतो, ‘म्हणजे’ लावतो, तसं. तो शिकवावा लागत नाही, तिकडे दोन महिने राहिलं की आपोआप लागतो आणि मग सुटत नाही.

जाता जाता त्याला एक उपयोगाचा ‘क्वा’ मात्र शिकवला. कुणी असलं काही बरळलं की फ्रेंच लोक खांदे उडवून म्हणतात, ‘नँपोर्त क्वा!’ मराठीत, काहीतरीच!

मंगळवारी बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ‘रॉयल’वर हसले, हेमचंद्राचं सूत्र दोनदा म्हणायला लावलं, ‘चित्’वर तर "वा, वा" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, आता ग्रुपवर टाका, की ते चुकीचं होतं म्हणून." म्हणाले, "टाकतो की, त्यात काय."

रात्री टाकलंही. ‘रविवारचा मेसेज चुकीचा होता, क्षमस्व. फ्रेंच भाषेतील क्वा हा शब्द क्व पासून नसून चित् पासून आला आहे. माझी मुलगी फ्रेंच शिकवते, तिने सिद्ध केले आहे.’ खाली तिरंगा. मी लगेच फोन लावला, "बाबा, चित् ‘पासून’ नाही हो, तो ‘भाऊ’ आहे," तर म्हणाले, "अगं, चौदा जणांनी अंगठा दिलाय, आता कसं काढू?"